काळ्या थुंकीचा चमत्कार

अंगारनाथ महाराजांनी पितळी ताट डोक्यावर धरलं आणि ओट्याखालची गर्दी रेटारेटी करत पुढे सरकली. ताटात भागीच्या छातीतून सुटलेला कफ होता आणि त्यात काजळीसारखे काळे धागे.

"पाहा, भक्तहो! काळी गळतेय काळी! हडळ निघाली हडळ! ॐ फट्, फटाफट्, झटाझट्!"

बायांनी कानशिलांवर बोटं मोडली. कुणी नारळ फोडला. साक्रीकडच्या त्या लहानशा गावात एवढी माणसं जत्रेलाही जमत नसत.

ताट बाहेर मिरवलं जात होतं, तेव्हा भागीची आई तानुबाई आत होती. सहा वर्षांची पोर तिच्या मांडीवर धापा टाकत होती. थंडी सुरू झाली आणि भागीला खोकला लागला. सासऱ्यांनी, अभिमन आबांनी, महाराजांना घरी आणलं. तेव्हापासून रोज दुपारी मायलेकींना कोठीच्या खोलीत बसवत. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, कवाडाला बाहेरून कडी. मधोमध धुनी. तिच्यात ओल्या गोवऱ्या, राळ आणि तेलात बुडवलेल्या चिंध्या. महाराजही आतच, पण उंबऱ्याच्या फटीला पाठ लावून, नाकातोंडावर ओलं उपरणं बांधून बसत. ते म्हणे सोवळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना तानुबाई थबकली. तिचीही थुंकी काळी होती. ती तशीच नवऱ्याकडे, हिलालकडे गेली.

"मन्ही थुकी बी काळी शे. मंग मन्हा आंगमा कोनती हडळ शे?"

हिलाल खाली बघत म्हणाला, "आबासले कोन सांगी?"

दुपारी कडी पुन्हा पडली. धूर छताला लागला, तिथून खाली उतरत भागीच्या तोंडाशी आला. पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर पडले. तानुबाईने कवाडावर मुठी मारल्या.

"दार उघाडा! पोर मरी जाई!"

"मधमा उठानं नई!" बाहेरून आबा गरजले.

"हडळ ओरडतेय!" महाराज खूश झाले. "सोडू नका!"

आता ती जे बोलेल ते हडळीचंच ठरणार होतं. बोलून उपयोग नव्हता. तिने महाराजांना बाजूला सारून पोरीला उंबऱ्याच्या फटीशी निजवलं, महाराजांच्या तोंडावरचं उपरणं ओढलं आणि भागीच्या नाकावर धरलं. उघडे पडलेले महाराज धूर गिळताच असे खोकू लागले, की मंत्र घशातच अडकले.

"उघड रे! मरतो मी!"

तो आवाज बुवाचा होता. मग हिलालने बापाकडे न बघता कडी काढली.

तानुबाई पोरीला घेऊन ओट्यावर आली. मागोमाग बुवा सरपटत आला, खोकला आणि थुंकला. काळं.

तिने उपरण्याच्या दोन्ही बाजू उलटून दाखवल्या. "बठ्ठा देखा! भायेरथून काळं, मझारथून धवळं. हाऊ बाबा नाक झाकीसन बठस, नि मन्ही पोर उघडी!"

लगेच बैलगाडी जुंपून भागीला देवपूरच्या दवाखान्यात नेलं. आबाही निमूट गाडीत बसले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि सगळं ऐकून घेतलं.

"ही काजळी पोरीत नव्हती, आबा. तुम्ही भरलीत," त्या म्हणाल्या. "धुरातले मोठे कण नाक अडवतं. त्याहून बारीक कण श्वासनळीच्या फाट्यांवर चिकटतात. छाती ते कफात गुंडाळून वर ढकलते. ताटात तेच होतं. सगळ्यात बारीक, डोळ्यांना न दिसणारे कण पार तळाच्या इवल्या वायुकोशांत जाऊन बसतात, ते लवकर निघत नाहीत. मुलांच्या नळ्या अरुंद आणि श्वास भरभर. तुम्हाला ठसका लागतो त्या धुरात पोरीचा जीव जातो."

"मंग ती बरी व्हई का?" आबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"आधीचा खोकला साधा होता, औषधाने जाईल. या धुराचं मात्र आज सांगता येत नाही."

भागी वाचली. पण पुढे कित्येक हिवाळे ती धावताना मध्येच थांबून छाती धरायची, आणि तेव्हा आबा दुसरीकडे बघायचे. अंगारनाथ त्याच संध्याकाळी गावातून पसार झाला होता. तो दुसऱ्या कुठल्या तरी गावी ताट मिरवत असेल. तुमच्या गावी आला तर हात जोडू नका. खोलीचं दार उघडा, लेकराला मोकळ्या हवेत आणा आणि त्याला एकच विचारा: महाराज, तुम्ही नाक का झाकलंत?