बिनभिंतीची चौकट

मित्रांनो, दाराच्या चौकटीला भिंतच नसेल, तर तिला काय म्हणावे, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही. मी फणसाच्या लाकडाची चौकट आहे. आता जुनी झाले. माझ्या जातीच्या चौकटी एकदा उभ्या राहिल्या की जन्मभर जागच्या हलत नाहीत. मी मात्र ट्रकमधून हिंडले, डोंगरावर चढले आणि माणसांच्या खांद्यांवरून भर बाजारपेठेतून गेले. पायाला भिंगरी असलेली चौकट तुम्ही दुसरी पाहिली नसेल.

पोलादपूरच्या वर डोंगरात येसाजीचे गाव आहे. त्याच्या परसात मी फणसाचे झाड म्हणून वाढले. येसाजी मुंबईला बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होता आणि गावकीच्या खोलीत राहत होता. गावकीची खोली म्हणजे एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेली खोली. एकाची पाळी संपायची, दुसऱ्याची सुरू व्हायची आणि अंथरूण काही थंड व्हायचे नाही. बायका गावी. येसाजीची बायको रंगूबाई आणि लहानगी शकू गावीच सासूजवळ होत्या.

ही सासू, बयाबाई, मोठी धोरणी. मुंबई आपला मुलगा गिळणार, ही धास्ती तिने घेतली होती. एका उन्हाळ्यात तिने मला तोडायला लावले आणि चांगू सुताराला बोलावले.

"काकी, घर कुठं बांधायचं ठरलं?" चांगूने विचारले.

"ते ठरंल मागाहून. आदी चौकट तर हूं दे," बयाबाई म्हणाली. "पुजलेली चौकट मानसाला वढून आनते."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला हा प्रकार. पण चांगूचा हात चांगला होता. रंध्याखाली माझे पिवळेधमक अंग निघाले, हळद लागलेल्या नवरीसारखे. अक्षय तृतीयेला मला उभे करून हळदकुंकू लावले, आंब्याचा टहाळा बांधला, वरच्या गणेशपट्टीला तांदूळ-सुपारीची तांबडी पुरचुंडी बांधली. सगळे झाले. नव्हती ती फक्त भिंत.

वर बयाबाईने दंडक घातला. पुजलेली चौकट विकायची नाही, फोडायची नाही आणि आडवी निजवायची नाही. "चौकट निजली तर घर निजलं," असे ती म्हणे. मग मला पडवीत टेकवून उभे केले. कोंबड्या माझ्या उंबऱ्यावर बसू लागल्या, रंगूबाई माझ्यावर मिरच्यांच्या माळा वाळत घालू लागली. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय नामी लाकूड हाय!" मी फुगायचे. पण कौतुकाने काही भिंत मिळत नाही.

मुंबईला परतण्याआधी येसाजीने एक गोष्ट केली आणि पुढचे सारे त्या गोष्टीतून झाले. त्याने सुतळी घेऊन मला मापले. उंचीला एक गाठ, रुंदीला एक गाठ. ती सुतळी त्याने खिशात टाकली. तिथून पुढे तो जी जागा बघायला जाई, तिथे आधी सुतळी काढी. पाणी किती वेळ येते, शेजार कसा, बायकोला दिवसभर तिथे काय वाटेल, हे सगळे मागाहून. एकदा तो वरंध घाटातून पुण्यालाही जाऊन आला. हवा चांगली, पाणी मुबलक, भाडेही मुंबईपेक्षा कमी. पण दार सुतळीत बसेना. पुणे रद्द झाले! गावी आल्यावर हे तो पडवीत बसून अगदी गंभीरपणे सांगत होता, आणि रंगूबाई चुलीपुढे ऐकत होती. मोठे शहर एका फणसाच्या चौकटीमुळे नापास व्हावे, याची मलाच लाज वाटली.

शेवटी भांडुपच्या टेकडीवर सुतळी बसली. येसाजी आम्हा सगळ्यांना न्यायला आला. बयाबाई तेवढी गावी राहिली. पोलादपूरला महामार्गावर परतीचा एक रिकामा ट्रक मिळाला. मला त्यात उभेच बांधायचे म्हटल्यावर ड्रायव्हर हसायला लागला. "अरे भाई, दरवाजा खडा करके कौन ले जाता है?" येसाजीने माझे दोर आणखी आवळले. महाड, माणगाव, सगळा रस्ता मी वारा खात उभी. माझ्यातून डोंगर येत होते आणि जात होते. एकही आत येऊन थांबला नाही.

भांडुपला पोचल्यावर कळले की जुनी चौकट काढून मला बसवायला घरमालक भिंत फोडू देणार नाही. अनामत घेईपर्यंत तो हो-हो म्हणत होता. आता काय करायचे? येसाजीने मला खोलीच्या मधोमध उभे केले आणि रंगूबाईने माझ्यावर जुने लुगडे टांगले. एका खोलीच्या दोन झाल्या. अलीकडे झोपायचे, पलीकडे रांधायचे.

मला वाटले होते, रंगूबाई इथे कोमेजेल. झाले उलटेच. शेजारच्या ठकूबाईने तिला ब्लाऊज शिवायला शिकवले आणि पुढे आपले जुने मशीनही तिला दिले. माझ्या डाव्या बाहीला, म्हणजे उभ्या लाकडाला, खिळा ठोकला गेला आणि त्यावर तयार ब्लाऊज लटकू लागले. गावी ती येसाजीची बायको होती, बयाबाईची सून होती. इथे टेकडीवरच्या बायका दारातून हाक मारायच्या, "रंगूताई, माझा झाला का गं?" ती हाक आली की तिचा चेहरा कसा उजळायचा, ते मी रोज पाहिले आहे. शकू माझ्या उजव्या बाहीला टेकून उभी राही, आणि दर दिवाळीला तिची उंची खडूने माझ्यावर मांडली जाई.

येसाजीचा जीव मात्र रमला नाही. भाडे वाढत गेले, पाण्यासाठी रांग वाढत गेली. घामाघूम होऊन टेकडी चढून आला की तो माझ्या अलीकडे बसून बडबडायचा आणि लुगड्याच्या पलीकडे मशीन चालू असायचे.

"निम्मा पगार ह्या पत्र्याला जातो," तो एके दिवशी म्हणाला. "महाडला नवे कारखाने येतायत. ओळखीनं माझं काम हुईल. नदीकाठाला जागा सवंग हाय. आपलं घर हुईल, आय पन येईल. ऐकतीस ना गो?"

"ऐकतेय," रंगूबाई म्हणाली.

मशीन थांबले होते. पण ते त्याच्या लक्षात आले नाही. 'ऐकतेय' म्हणजे 'होय', असा अर्थ त्याने काढला. नवऱ्यांचे कान सोयीचे असतात.

खोटे का बोलू, मला आनंद झाला. आपले घर, आपली भिंत! पुन्हा ट्रक, पुन्हा उभा प्रवास, पण या वेळी मी उलट दिशेने निघाले होते आणि मला प्रत्येक वळण लवकर संपावेसे वाटत होते.

जागा महाडबाहेर दासगावच्या अंगाला होती. सावित्री अगदी समोर. आजूबाजूला घर नाही, दिवा नाही, चिखलाची वाट. जागा इतकी सवंग का, हे नदीलाच ठाऊक होते. दर पावसाळ्यात ती तिथे हक्काने येऊन बसायची. पण येसाजीने सुतळी टाकून पाहिली होती, आणि मोकळ्या जागेत ती बसणारच होती.

मुहूर्ताच्या दिवशी गावाहून बयाबाई आली. चांगू सुतारही आला, केस पिकलेला. पाया खणला होता. त्यांनी मला त्यात उभे केले, ओळंबा लावला. माझ्या पायांना पहिल्यांदा माती लागली. आता फक्त घरच्या बाईने उंबऱ्याला कुंकू लावायचे आणि नारळ फोडायचा. रंगूबाई पुढे आली. तिने अंगठा कुंकवात बुडवला. आणि तशीच उभी राहिली.

"लाव की," येसाजी म्हणाला. "मुहूर्त चाललाय."

"मी नाय लावनार."

चांगूच्या हातातला नारळ हातातच राहिला.

"अगं पन का?"

"इतकी वर्सं तुमी सुतळी घेऊन फिरलात," रंगूबाई म्हणाली. "दारं मापलीत, भिंती मापल्यात. दारात उभी कोन ऱ्हानार, तिला एकदा तरी इचारलंत?"

मला तर तिचा भयंकर राग आला. पाय मातीत गेले होते माझे! एका बोटाचे कुंकू, तेवढेच राहिले होते. आता बयाबाई हिला चांगली झापणार, याची मी वाट पाहू लागले.

बयाबाई दगडांच्या ढिगावर बसली. तिने नदीकडे पाहिले. मग ती म्हणाली, "बरं. त्यानं नाय इचारलं, मी बी नाय इचारलं. आता इचारते. तुला कुठं ऱ्हावंसं वाटतं गो?"

ज्या प्रश्नासाठी रंगूबाई इतकी वर्षे थांबली होती, तो सासूच्या तोंडून येईल असे तिच्या ध्यानीमनी नव्हते. तिचे डोळे भरून आले.

"मला मुंबई सोडायची नव्हती," ती म्हणाली. "पन ह्यांचा जीव तितं घुसमटतो, ते मला दिसतं. तुमचं वय झालं, ते बी कळतं. म्हनून महाडला ऱ्हाते. पन हितं नाय, आत्या. हितं ब्लाऊज शिवायला कोन येनार, नदीतल्या मगरी? बाजारपेठेत खोली घ्या. बारकी चालंल, भाड्याची चालंल. भाड्याचा वाटा मी उचलते."

"भाडंच भरायचं, तर मुंबई काय वाईट हुती?" येसाजी चिडून म्हणाला. "मग आपलं घर कवा व्हायचं?"

"हुईल तवा हुईल. तितं तुमी दिवस मोजत बसायचात. हितं मी बसेन. दोघांपैकी एकानं जन्मभर दिवसच मोजायचे का?"

बयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "काढ रे चांगू, चौकट," ती म्हणाली. "आनि आडवी करू नका."

असे मला खड्ड्यातून उपटले. चार गड्यांनी उभेच धरून मला महाडच्या बाजारपेठेतून नेले. कुणीतरी दुकानातून विचारले, "देव कुठला म्हणायचा?" गडी हसले. मी जळत होते. पेठेच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. तिच्या जुन्या चौकटीला वाळवी लागली होती, म्हणून घरमालकानेच नवी बसवायला हो म्हटले. येसाजीने सवयीने खिशात हात घातला. गंमत अशी, की सुतळीप्रमाणे मी तिथे बसतच नव्हते. चार बोटे उंच होत होते.

"मग फोडूया वरच्या दोन विटा," चांगू म्हणाला. बस्स, इतकेच! हे आधी कुणाच्या डोक्यात का आले नव्हते, कोण जाणे.

रंगूबाईने माझ्या उंबऱ्याला कुंकू लावले. अंगठा घट्ट दाबून लावले. त्या सुतळीने ती पुढे ब्लाऊजचे गठ्ठे बांधू लागली आणि दोन महिन्यांत सुतळी झिजून गेली. बयाबाई गणेशपट्टीखाली वाकून आत आली. "भाड्याच्या भिंतीत माजी चौकट," असे ती शेवटपर्यंत पुटपुटत राहिली. पण रोज दुपारी माझ्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या बाईला ब्लाऊजची तारीखही तीच सांगायची.

आता तुम्हाला वाटेल, सगळे गोड झाले. तसे नाही. सावित्रीचे पाणी एका वर्षी पेठेतही आले. माझ्या कमरेपर्यंत आले. ती काळपट रेघ अजून माझ्या अंगावर आहे, शकूच्या खडूच्या खुणा मात्र पाण्याने पुसून नेल्या. येसाजी दर महिन्याला भाडे देताना कुरकुरतो. नदीकाठची जागा पडेल भावाने विकावी लागली, ते तो विसरलेला नाही. रंगूबाईही कधी मशीन थांबवून भांडुपच्या गोष्टी सांगते. आणि मी? मला वाटले होते, भिंत मिळाली की माझ्या पायांतली भिंगरी जाईल. एसटी स्टँडवरून गाडीचा हॉर्न ऐकू आला की अजून अंग शिरशिरते. सगळे मिळते असे गाव कुठे असेल, तर मी ते पाहिलेले नाही.

परवाचीच गोष्ट. शकू आता मोठी झाली आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. पुण्यालाही जमेल, मुंबईलाही जमेल. येसाजी माझ्या बाहीला हात टेकून उभा राहिला आणि सुरू झाला, "पुन्याला भाडं कमी, हवा बरी, तितंच..." बोलता बोलता तो थांबला. आत मशीन थांबले होते, आणि या खेपेला ते त्याला ऐकू आले. त्याने वळून रंगूबाईकडे पाहिले. मग तो लेकीला हळूच म्हणाला, "तुला कुठं ऱ्हावंसं वाटतं गो?"

मित्रांनो, तुमच्या घरच्या चौकटीला वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, पायाशी वाळवी लागली का तेवढे बघा. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही. आणि नवी चौकट करायला घ्याल, तेव्हा सुतळी जरूर काढा. पण त्याआधी दारात जी उभी राहणार आहे, तिला एवढा एक प्रश्न विचारा, आणि मग गप्प राहून ऐका. शकूने अजून उत्तर दिलेले नाही. ती माझ्या उजव्या बाहीला टेकून रस्त्याकडे बघत विचार करते आहे, आणि घरात कुणीही तिला घाई करत नाही.