आटे

"पास!" हरिदासनं प्लग फडक्यावर ठेवला आणि पुढच्यासाठी हात पसरला.

शाळेची मुलं नेणारी हरीशची व्हॅन गॅरेजातल्या खड्ड्यावर उभी होती. इंजिनातलं जुनं तेल निथळून गेलं होतं आणि तेलाच्या चेंबरच्या बुडाचं भोक नव्या प्लगची वाट बघत होतं. प्लग म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढा बोल्ट. पण तोच धड नसला तर तेल थेंबथेंब गळतं आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते, आतल्या मुलांसकट. कंपनीचा प्लग मिळेना, म्हणून हरीशनं बाजारातून साध्या प्लगचं पाकीट आणलं होतं. बाजारच्या मालावर हरिदासचा काडीचा विश्वास नव्हता.

"उस्ताद, कोई भी लगा दो ना. छुट्टी का टाइम हो रहा है," हरीश म्हणाला.

"लगानेवाले बहुत हैं. देखनेवाला फरीदाबाद में एक ही है!"

हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचाच, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. सांगली सोडून इथं आल्यापासून त्याची पद्धत ठरलेली. नव्या आणि जुन्या प्लगचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला की माल परत. मग डोळे मिटून पहिल्या आट्यावरून बोट फिरवायचं. धातूचं बारीक कुसळ डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतं. तेच कुसळ चेंबरचे मऊ आटे खाऊन टाकतं.

शेजारी त्याची मुलगी अक्षया पाने पुसत होती. डिप्लोमा करून ती बापाच्या गॅरेजात आली तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. लहानपणी बाप घरात "आटे गेलेत" म्हणाला की ही स्वयंपाकघरात धावायची, डब्यात कणीक उरलीय का ते बघायला. अजूनही ती इथल्या सगळ्यांसारखं 'चूड़ी'च म्हणायची आणि हरिदास वैतागायचा. "चुड्या हातात घालतात गं. बोल्टला आटे असतात, आटे!"

त्यानं दुसरा प्लग उजेडाकडे धरला, डोळे मिटले, बोट फिरवलं. "हा तर एकदम साफ. हाच लावू."

"बाबा, थांबा."

"का?"

"बोट बघा तुमचं."

हरिदासनं डोळे उघडले. तर्जनीच्या टोकातून रक्त येत होतं. प्लगलाही लागलं होतं. अक्षयानं तो घेतला, अलगद बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं.

हरिदास बोटाकडे बघत राहिला. दुखत नव्हतं, चुरचुरतही नव्हतं. शुगरनं बोटं बधिर होतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मुंग्या येतात तशा जातीलही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. चहाचा कढत ग्लास मुठीत धरायचा आणि वर "मिस्त्री का हाथ है" म्हणून मिरवायचा. आता त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. हा प्लग त्यानं मुलांच्या गाडीला लावला असता.

"अरे उस्ताद, मामूली कट है," हरीश म्हणाला. "आपने देख लिया ना? बस. लगा दो."

सुटायला वाट चांगली होती. एक हसू आणि एक बढाई, एवढ्यावर भागलं असतं.

"मेरे देखने से कुछ नहीं होता," हरिदास म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच, खणखणीत. "उंगली को पता चलना चाहिए. मेरी को अब नहीं चलता. आज से ये देखेगी."

मग तो मुलीकडे वळला. "मी पास केलेलाही परत बघ. बापाची भीड धरू नकोस."

तिनं त्याच्या बोटाला चिंधी बांधली. मग पहिला प्लग जुन्याला भिडवून उजेडाकडे धरला, डोळे मिटले आणि सावकाश बोट फिरवलं. तिची मान जराशी डावीकडे कलली. आपणही असंच करतो, हे हरिदासच्या आज लक्षात आलं.

"हा चालेल, बाबा," ती म्हणाली. "आटे साफ आहेत."

"आटा?" हरीश गोंधळला. "कौन सा आटा?"

हरिदास खो खो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि ते पाणी सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

अक्षया खड्ड्यात उतरली. प्लग नुसत्या बोटांनी फिरत फिरत शेवटपर्यंत आत गेला, कुठंही न अडता. तिनं हात वर केला. हरिदासनं आपला नेहमीचा पाना उचलला, पुसला आणि मुठीची बाजू पुढे करून तिच्या हातात दिला.

"दिसतंय ना नीट?" त्यानं विचारलं. "थांब, उजेड धरतो."

बॅटरी पेटवून तो खड्ड्याच्या काठावर बसला. मुलगी प्लग आवळत होती. चिंधी बांधलेल्या हातातला उजेड जराही हलत नव्हता.