परक्या पावलाची गौर

मी एक लादी बोलतेय, भाजलेल्या मातीची. वय विचारू नका. कॅनडातल्या ग्वेल्फ गावात मला चोरून आणलंय, तेवढं आधी सांगते.

इंग्लंडच्या उत्तरेला रोमन सैन्याचं एक सरहद्दीवरचं ठाणं होतं, तिथली मी. उन्हात वाळत पडले होते, तेवढ्यात एका शिपायाची लेक माझ्यावरून धावत गेली. इवलंसं पाऊल खोल उमटलं. कारागिराने तिला शिव्या घातल्या आणि मला तशीच भट्टीत ढकललं.

त्याच हिवाळ्यात पोर तापाने गेली. गेली म्हणजे काय, माझ्यातच राहिली. पुढे बापही मेला, ठाणं ढासळलं, वर गवत माजलं. तरी पहारा संपला की तो रोज माझ्यापाशी यायचा, लेकीशी बोलत बसायचा. शेकडो वर्षं आमचं बरं चाललं होतं हो.

मग खोदकाम सुरू झालं. उन्मेष नावाचा एक विद्यार्थी उन्हाळ्यात कॅनडाहून तिथे शिकायला आला होता. पाऊल बघून त्याला मोह झाला आणि पठ्ठ्याने मला गुपचूप बॅगेत घातलं. बाप वेशीपर्यंत मागे धावला. शिपाई तो, ठाणं सोडता येईना.

इथे बेसमेंटमध्ये गौरींचे मुखवटे काढताना मी उन्मेषच्या आईच्या, सुनेत्राबाईंच्या हाती लागले. लेकाने आपल्यासाठी लक्ष्मीचं पाऊल आणलं, असं वाटून बाई हरखल्या. कसली डोंबलाची लक्ष्मी! पण मला हळदकुंकू वाहून त्यांनी दारात ठेवलं आणि "ये गं, आत ये" म्हणत गौर घरात घेतली. त्या पोरीला इतक्या मायेने कोण बोलावणार? तीही आत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोअरवर इवली ओली पावलं होती, गौरींपासून थेट पुढच्या दारापर्यंत. बाईंनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी पहाटे दाराशी कुणी तरी हुंदके देत होतं, तेव्हा मात्र त्यांनी लेकाला समोर बसवलं. त्याने सगळं कबूल केलं.

"आई, दे कुड एक्सपेल मी," तो रडवेला होऊन म्हणाला.

"ते मग बघू. कुणाची तरी लेक आहे ती. तिच्या माणसांत पोचवून ये."

उन्मेषने खोदकामाच्या सरांना ईमेल केला, त्याच दिवसाचं तिकीट काढलं.

गौरी जायचा दिवस तो. बाईंनी गौरींबरोबर मलाही दहीभाताचा नैवेद्य दाखवला. पोर निमूट येऊन माझ्यात शिरली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी आमच्यावर अक्षता टाकल्या, डोळे पुसले आणि दरवर्षीच्या सवयीने बोलून गेल्या, "पुन्हा ये गं."

लहान पोर ती. पुन्हा ये म्हटल्यावर लगेच माघारी फिरली आणि जिन्यावर जाऊन बसली.

आता मी एअरपोर्टच्या वाटेवर आहे, एकटीच. सुनेत्राबाई, तिला एकदा जा म्हणा हो. ती तुमचंच ऐकते. तिचा बाप वेशीत उभा असेल, त्याला मी काय सांगू?