एकाच मनोऱ्याखाली

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि कानाच्या जाळीत गव्हाचं तूस अडकलं आहे. हल्ली मी एका स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी असतो. मला रोज चार्ज केलं जातं, पण माझ्यावरून कोणी बोलत नाही. असं का, ते सांगतो.

रोवेनाने मला सिंगापूरच्या विमानतळावर विकत घेतलं. ती ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला घरी परतत होती. मी कुठल्याच कंपनीला बांधलेला नव्हतो. "कुठलंही कार्ड घाला, चालेल," असं विक्रेता म्हणाला, आणि तेव्हा ते खरंच होतं. काही वर्षं मी तिच्या पर्समध्ये सुखाने राहिलो. मग तिने नवा फोन घेतला आणि मला नीट पुसून आपल्या वडिलांना दिलं.

मर्व्ह नोस्के यांची गव्हाची शेती पश्चिमेला, शहरापासून खूप लांब. पत्नी गेल्यापासून ते एकटेच असत. तिथे धान्याच्या उंच कोठारावर एक मनोरा आहे. एकाच कंपनीचा. बाकीच्या कंपन्यांची रेंज तालुक्याच्या गावाबाहेर पडली की संपते. इतक्या थोड्या लोकांसाठी दुसरा मनोरा कोण उभारणार? त्यामुळे कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यावं, हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही.

मर्व्ह मला शर्टाच्या खिशात ठेवत. ढग कुठवर आलेत ते मी दाखवायचो, आणि पाऊस आला नाही की बोलणीही मीच खायचो. पण माझा खरा दिवस रविवारचा. संध्याकाळी रोवेनाचा फोन यायचा आणि ते उचलून म्हणायचे, "बोला, कुठल्या बँकेतून बोलताय?"

याला कारण होतं. फोनवरून फसवणाऱ्यांनी त्या भागात धुमाकूळ घातला होता. रोवेनाने त्यांना बजावलं होतं, "कंपनीच्या नावाने काहीही आलं, बाबा, तरी विश्वास ठेवायचा नाही. सरळ पुसून टाकायचं."

एके दिवशी मला संदेश आला. आमचं जुनं मोबाइल नेटवर्कचं जाळं बंद होत आहे, तुमच्या फोनवरून तातडीच्या मदतीचा नंबर लागणार नाही, फोन बदलून घ्या. मर्व्हनी चष्मा लावून तो वाचला आणि अंगठ्याने पुसून टाकला.

त्या रविवारी ते खुशीत होते. "पोरी, आज आणखी एक ठग परतवला. म्हणे, फोन बदला!"

"शाब्बास, बाबा. कुठे बोट नाही ना लावलंत?"

"मी काय तुझ्या आत्यासारखा आहे? तिने त्या लॉटरीवाल्याला केकची कृतीसुद्धा सांगितली."

दोघंही खूप हसली. मीही त्यांच्या कानाशी उबदार होतो.

मित्रांनो, जुनं जाळं बंद झालं, तरी माझं रोजचं बोलणं नव्या जाळ्यावरून चालूच राहिलं. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पण माझी घडणच अशी होती, की तातडीचा नंबर फिरवला की मी जुनं जाळंच शोधायचो. आणि तो नंबर सहज म्हणून कोणी लावून बघत नाही.

पेरणीच्या दिवसांत एका दुपारी मर्व्ह मेंढ्यांच्या कुंडाचा नळ दुरुस्त करायला उतारावरून खाली गेले. गाडी वर टेकाडावर होती, तिच्यातला शेजाऱ्यांशी बोलायचा दुतर्फी रेडिओ चालू होता. छातीत कळ आली तेव्हा ते कुंडाला टेकून बसले. मला बाहेर काढून त्यांनी तो नंबर लावला.

"लाग रे बाबा," ते म्हणाले. "लाग ना."

मी शोधत राहिलो. मनोरा समोर दिसत होता. माझ्या रेंजच्या दांड्या भरलेल्या होत्या. शहरात असतो, तर दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या जाळ्याने मला हात दिला असता. इथे दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा.

वाऱ्याबरोबर गाडीतल्या रेडिओचा आवाज खाली येत होता. शेजारची डॉट फिट्झनर बोलत होती. "मर्व्ह, ऐकतोयस का रे? मटण उरलंय, येऊन ने. की झोपलास, गाढवा?"

रोवेनाला लावला असता, तर लागला असता. पण संकटात आधी तो नंबर, मग घरचे, हे त्यांच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलं होतं.

उत्तर आलं नाही म्हणून डॉट गाडी काढून आली. तोवर सगळं संपलं होतं.

दफनानंतर रोवेनाने मला टेबलावर ठेवून माझ्यावरून स्वतःला फोन लावला. तिचा फोन लगेच वाजला.

"अगं, चांगला चालतोय की हा," डॉट म्हणाली.

"मग तो नंबर का नाही लागला?"

तालुक्याच्या दुकानातल्या माणसाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्यांना कंपनीचा संदेश आला नव्हता का?"

'शाब्बास' हा रोवेनाचा शब्द मी ऐकला होता, आणि तिलाही तो त्या क्षणी पुन्हा ऐकू आला असावा.

पुढच्या आठवड्यात ती गावच्या सभागृहात टेबल मांडून बसली. चहाच्या वेळी म्हातारी माणसं आपापले फोन घेऊन आली. डॉट म्हणाली, "माझं डबडं बघ गं. मला मदत मागायची सोय आहे त्यात, की परवानगी काढायला शहरात जावं लागेल?" सगळे हसले. तिचा फोनही माझ्यासारखाच निघाला, तेव्हा कोणी हसलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांचे फोन जरा हातात घ्या. 'चालतो ना?' एवढ्यावर थांबू नका. अडचणीच्या वेळी तो लागेल का, हे दुकानात जाऊन विचारा. आणि तुमच्याकडे एकच मनोरा असेल, तर दोनदा विचारा.

माझं म्हणाल, तर रविवारी संध्याकाळी रोवेना मला फोन लावते. माझ्या काचेवर मर्व्हनी लिहिलेलं 'पोरगी' हे नाव उमटतं. ती आपल्या स्वयंपाकघरात माझ्या शेजारीच उभी असते, पण मला उचलत नाही.

मी वाजतो. अगदी व्यवस्थित वाजतो.