दोन मुळांची दाढ

प्राचीन माणसांची हाडं अभ्यासणाऱ्या कल्पिता म्हात्रेला जबड्याचा तो तुकडा पेणच्या खाडीत सापडला, उधाणाने फुटलेल्या बांधाखाली. हनुवटी तुटून गेलेली, हाड गाळाने काळंभोर झालेलं, दाढा उरलेल्या दोनच. पण सुळ्यामागच्या दाढेला मुळं दोन होती. आजच्या माणसाला तिथे बहुधा एकच असतं. दोन असायची ती लाखो वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांना. बाई हरखून गेली. हाडाचं वय काढायची चाचणी बाकी असताना तिने नव्या मानवजातीला नावही ठरवून टाकलं. मूल बघायच्या आधीच बारसं उरकलं म्हणा ना.

पेपरात बातमी आली तेव्हा तिच्या वडिलांनी, काळूरामनी, गावभर पेढे वाटले. "पोरीनं घरान्याचं नाव काढलं," असं भेटेल त्याला सांगत सुटले. बांध कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. बंद पडलेल्या आपल्या मिठागराकडे फिरकायचं नाही, अशी त्यांची तिला लहानपणापासून तंबी होती, म्हणून तिनेही सांगितलं नाही.

मग तिची स्वतःची दाढ ठणकायला लागली. दातांचा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाला, "हिला दोन मुळं आहेत. क्वचित दिसतं असं. घराण्यात चालत येतं कधी कधी."

कल्पिता हसली, आणि हसता हसताच तिने तो एक्स-रे मागून घेतला.

प्रयोगशाळेत जाऊन तिने जबडा पुन्हा हातात घेतला. मागच्या दाढेवरचा गाळाचा खडा तिने वयाच्या चाचणीसाठी आजवर जिवापाड जपला होता, तो सुईने खरवडला. खाली चांदी भरलेली होती.

घरातून नाहीशी झालेली बाई एकच, आत्या सत्यवती. ट्रकवाल्याबरोबर सुरतेला पळाली, असं घरात सांगत. ती हसली की दाढेतली चांदी दिसायची, एवढंच कल्पिताला आठवत होतं. खुर्चीवर बसून ती रडली. आत्यासाठी रडली आणि स्वतःच्या हावरेपणाच्या लाजेनेही रडली.

काळूराम ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"बाबा, तो जबडा आपल्या मिठागरातला आहे. बांधाखालचा."

अडकित्ता थांबला.

"तिचं नाव काढू नको, बाय."

कल्पिताने कुणाचंच नाव काढलं नव्हतं.

काळूरामनी अडकित्ता खाली ठेवला. मग ते हलक्या आवाजात, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तू लाख वर्सांची म्हनलीस ना? मग लाख वर्सांचीच ऱ्हाऊ दे. कोनाला काय कलनार हाय? तुजं पन नाव होतंय, घराची अब्रू पन ऱ्हाते."

तिला भीती वाटली ती याची, की क्षणभर ते तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत हवालदाराने तिने आणलेला जबड्याचा डबा उघडून पाहिला आणि पेन काढलं.

"मयताचं नाव?"

"सत्यवती म्हात्रे. माझी आत्या."

"संशय कुणावर?"

तिची जीभ ठणकणाऱ्या दाढेवर जाऊन टेकली. मग तिने वडिलांचं नाव काढलं.