डिमोव्हाबाईंची मांडणी

लाचेझार डब्लिनला गेला तेव्हा दर रविवारी फोन करीन म्हणाला होता. पुढे पुढे फोन महिन्यातून एकदा यायला लागला. तब्येत कशी, हवा कशी, बरं ठेवतो, एवढ्यात बोलणं संपायचं. फोन ठेवून त्याची आई, नेवेना, खिडकीशी उभी राहायची. बल्गेरियाच्या काठावरच्या रुसे शहरातल्या त्या खिडकीतून डॅन्यूब नदी दिसायची, पलीकडचा रुमानिया दिसायचा. मुलगा कुठून दिसणार?

शेजारची स्तोयांका सकाळच्या कॉफीला आली की टोमणा मारायची, "तुझा पोरगा अख्ख्या जगाशी बोलतो गं. तुझ्याशीच तेवढा मुहूर्त काढून बोलतो."

ते अगदी खरं होतं. जगभरातले लोक मिळून फुकट वाटायची एक संगणक-प्रणाली बनवत होते, आणि तिच्या कर्नेलमधला, म्हणजे अगदी आतल्या गाभ्यातला, यूएसबीचा विभाग लाचेझार सांभाळायचा. कुणी काय बदल पाठवला, त्यावर कोण काय म्हणालं, हे सगळं कुणालाही वाचता यायचं. नेवेना रोज वाचायची. ती स्वतः संगणकांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली इंजिनियर. डिस्क चालवणारे प्रोग्राम लिहिण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे तिला ते कळायचंही. आणि हेही कळायचं, की ब्राझीलच्या कुणा अनोळखी माणसानं एक शंका विचारली तर हा दुसऱ्या दिवशी पानभर उत्तर लिहितो.

एका हिवाळ्यात लाचेझारनं सगळ्यांना लिहिलं, की यूएसबीचं फोल्डर म्हणजे अडगळीची खोली झाली आहे. पोर्टच्या चिपशी बोलणारा कोड, सगळ्यांना लागणारा मधला कोड, आणि कीबोर्ड, प्रिंटर, कॅमेरे यांना चालवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, असं सगळं एकाच ढिगात पडलं आहे. कुणीतरी हे नीट लावून द्यावं. काम कंटाळवाणं, नाव होणार नाही असं. कुणी पुढे येईना.

नेवेना आली. पण आपल्या नावानं नाही. आजीचं माहेरचं आडनाव घेऊन तिनं 'एन. डिमोव्हा' अशी सही केली. आईनं पाठवलंय म्हटल्यावर तो 'कशाला त्रास घेतेस' म्हणाला असता आणि विषय तिथंच मिटला असता, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

तिचं पहिलंच काम त्यानं जसंच्या तसं परत पाठवलं. तिनं फाइली हलवल्या होत्या आणि हलवता हलवता आतल्या चुकाही दुरुस्त केल्या होत्या. त्यानं लिहिलं, "हलवणं वेगळं, दुरुस्ती वेगळी. दोन्ही एकदम आलं तर नवी चूक कुठे शिरली ते उद्या कुणाला सापडणार नाही. कृपया तुम्ही हे तोडून पाठवा." कित्येक वर्षांत तिला कुणी असं सुनावलं नव्हतं. तिचे कान तापले. मग ती बसली आणि सगळं पुन्हा केलं.

हळूहळू ढीग उपसला गेला. चिपचा कोड एका जागी गेला, मधला एका जागी. जुनी यंत्रं यूएसबीला जोडायच्या ज्या वायरी मिळतात, त्यांचे ड्रायव्हर तर एकमेकांवरून उतरवून काढलेले होते. प्रत्येक कंपनीचा वेगळा, पण आतलं गाणं तेच. नेवेनानं सारखं होतं ते एका फाइलीत काढलं आणि ज्याचं त्याचं वेगळेपण तेवढं ज्याच्या त्याच्याकडे ठेवलं. त्यावर लाचेझारचा एकच शब्द आला, "सुरेख." ती तो वाचत बसली आणि तव्यावरच्या मिरच्या करपल्या.

कीबोर्डवरून मात्र दोघांची जुंपली. ती म्हणे, यूएसबीला जोडतात, तर यूएसबीत राहील. तो म्हणे, वायरीनं जोडा नाहीतर बिनवायरीचा घ्या, कीबोर्ड तो कीबोर्डच. त्याची जागा कीबोर्डांत. सगळा वसंत हा वाद चालला. मंडईत हातात कांद्याची पात धरून ती मनातल्या मनात उत्तरं जुळवायची. फोनवर मुलाचा आवाज जरा चढला की गप्प होणारी बाई इथं तसूभर हटत नव्हती, आणि त्याला ते आवडत होतं, हे त्याच्या लांबत जाणाऱ्या पत्रांवरून दिसत होतं.

मग एक पत्र फक्त तिच्या नावे आलं, बल्गेरियनमध्ये. तुम्ही आपल्याकडच्याच ना, असं विचारून त्यानं लिहिलं होतं, "माझी आईही अशाच कामात होती. तिच्याशी मी यातलं कधी काही बोललो नाही. आता कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही. तुमच्याशी कसं सोपं जातं."

नेवेनानं ते पत्र दोनदा वाचलं. ज्या डिमोव्हाबाईला तिनंच जन्म दिला होता, तिचा तिला हेवा वाटला.

जूनमध्ये पलीकडच्या रुमानियात, बुखारेस्टला, या कामातल्या लोकांचं संमेलन होतं. पूल ओलांडला की दोन तासांचा रस्ता. फोनवर लाचेझार म्हणाला, "रुसेला यायला या वेळी जमणार नाही गं, विमानाच्या वेळाच अशा आहेत." आणि त्याच आठवड्यात त्यानं डिमोव्हाबाईंना कळवलं, की तुम्ही येणार असाल तर भेटून फार आनंद होईल, कॉफी माझ्याकडून.

निघताना तिनं सवयीनं बानित्सा, त्याची लहानपणची चीजची पोळी, भाजली आणि ओट्यावरच ठेवून दिली. डिमोव्हाबाई कशाला कुणासाठी खायला नेतील?

संमेलन होतं त्या तंत्रनिकेतनाच्या आवारात लिंडनच्या झाडाखाली तो उभा होता. केस विरळ झाले होते. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होता. तिला पाहिलं आणि आधी घाबरला, मग वैतागला.

"आई, बरी आहेस ना? मी सांगितलं होतं ना वेळ नाही म्हणून? मी इथं कुणाची तरी वाट बघतोय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तीच मी."

त्याला कळायला वेळ लागला. तो बाकावर बसला. "त्या वायरींचे ड्रायव्हर... ते तू केलंस?"

"हो."

"आणि कीबोर्डवरून भांडलीस, ती?"

"मीच."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. फक्त तिच्या नावे लिहिलेलं ते पत्र आठवलं असावं. चेहरा लाल झाला. "मला सांगायचं होतंस," तो हळूच म्हणाला. कॉफी झाली, सूप झालं. त्यानं तिच्या गुडघ्याची चौकशी केली, तिनं त्याच्या विरळ केसांची. निघताना बसपाशी त्यानं तिला घट्ट मिठी मारली आणि सांगितलं, की आईचं काम मुलानंच तपासायचं हे काही बरं दिसत नाही. यापुढे ते दुसऱ्याकडे देतो.

बाकीचं काम फिनलंडच्या एका माणसानं तपासलं. त्यानं एक स्वल्पविरामही न बदलता घेतलं. कीबोर्ड लाचेझार म्हणत होता तिथंच गेले.

त्यानंतर फोन खरोखर दर रविवारी यायला लागला. स्तोयांका म्हणाली, आता तरी हास की. नेवेना हसायची. फोनवर काय शिवलं, काय शिजवलं, औषध घेतलं का, हे सगळं व्हायचं. काम तपासणारा नवीन माणूस कसा आहे, असं त्यानं एकदा विचारलं.

"चांगला आहे. भांडत नाही."

"कीबोर्डचं तुला शेवटपर्यंत पटलं नाही ना?"

"नाही."

"मग लिही ना मला. पूर्वीसारखं."

तिनं आठवडाभर खपून लिहिलं. सगळे मुद्दे नव्यानं मांडले, एक कच्चा दुवा मुद्दाम उघडा ठेवला, तो कुठून धरेल हे मनात योजून. उत्तर आलं तेव्हा तिनं चष्मा पुसून घेतला.

"आई, तुझंही बरोबर आहे," त्यानं लिहिलं होतं. "गुडघ्याला लेप लावतेस ना?"

तिनं ते खालीवर करून पाहिलं, की आणखी काही आहे का. नव्हतं. डिमोव्हाबाईंना त्यानं इतक्या सहज कधीच जिंकू दिलं नसतं.