कोणासाठी सोडली

अंकुशनं दारू सोडली ती श्रावणाच्या पहिल्या दिवशी. त्याच्या बायकोला, छायाला, ही बातमी कळली चौथ्या दिवशी आणि तीही शेजारच्या पंचफुलाबाईकडून.

"अवं छाया, तुह्या नवऱ्यानं महिनाभर सोडली म्हणते! त्या पोस्टातल्या पोरीनं सोडवली. तिचे पाय धुवून प्याले पाह्यजे व बाई."

छाया ब्लाउजला हुक लावत बसली होती. सुई बोटात रुतली. तीन दिवस अंकुश घामानं भिजत होता, रात्रभर कूस बदलत होता. तिला वाटलं, साथीचा ताप असेल. तिनं त्याला काढा करून पाजला होता. त्यानंही मुकाट पिऊन घेतला, पण खरं कारण तिला सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षं ती ह्या एका गोष्टीच्या मागे होती. सोळा सोमवार केले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली, एकदा दोन महिने माहेरी हिंगणीला जाऊन राहिली. कोणी सांगितलेली पुडी चहात कालवून दिली, तर त्याला नुसते जुलाब झाले. जिल्ह्यात दारूबंदी असली तरी पिणाऱ्याचं काही अडत नव्हतं. नदीवरचा पूल ओलांडला की दुसरा जिल्हा. अंकुश शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. काम चोख, पण संध्याकाळ झाली की त्याची गाडी आपोआप पुलाकडे वळायची.

आणि आता म्हणे सुटली. सोडवली कोणी, तर वर्षालीनं.

वर्षाली हिंगणघाटची. वर्षभरापूर्वी गावच्या पोस्टात नोकरीला लागली, तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. गावातलं मोडलेलं भजनी मंडळ तिनं पुन्हा उभं केलं. आर्वीला खंजिरी भजनाची स्पर्धा होती, त्यासाठी तिला खंजिरी वाजवणारा हवा होता, आणि गावात तसा हात एकट्या अंकुशचा होता. लग्नाच्या वेळी छायाच्या माहेरच्यांनी त्याची खंजिरी ऐकूनच तर होकार दिला होता.

घरात सासूबाईंचंही तेच. शकुबाई दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "त्या पोरीच्या जिभेवर सरस्वती आहे. एका शब्दात पोरगं माणसात आणलं."

"मग आमच्या जिभेवर काय आहे?" छायानं विचारलं.

शकुबाईंना त्या बोलण्यातली धार कळलीच नाही. "तुह्या जिभेवर? तुह्या जिभेवर कटकट आहे," त्या हसून म्हणाल्या.

दिवस जात राहिले. अंकुशचा चेहरा निवळला, हाताचा कंप गेला. सकाळी आंघोळ करून तो लेकीची वेणी घालायचा प्रयत्न करायचा, ती वेडीवाकडी व्हायची आणि दोघं हसायची. छायाला हेच तर हवं होतं. तरी ते हसू ऐकलं की ती शिलाई मशीन जोरात चालवायची. संध्याकाळी तो धुतलेला शर्ट घालून सरावाला निघाला की ती दारात उभी राहून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघायची. पूर्वी पुलाकडे जायचा तेव्हा निदान कुठं चालला ते सगळ्या गावासमोर बोंबलून सांगता यायचं. आता काय सांगणार? माझा नवरा भजनाला चालला, अडवा त्याला?

तिसऱ्या आठवड्यात वर्षाली स्वतःच ब्लाउजपीस घेऊन घरी आली.

"वहिनी, स्पर्धेसाठी शिवायचाय. तुमच्या हातचा ब्लाउज अंगावर नीट बसतो म्हणतात सगळ्या."

छायानं गळ्यातली टेप काढली. खांद्याचं माप घेतलं, बाहीचं घेतलं. पोरगी सडपातळ होती, केसांना खोबरेल तेलाचा वास. ह्या अंगाचं माप आपण आपल्याच हातानं लिहून घेतोय, ह्याचं तिला हसू आलं आणि रागही आला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू ह्यायले असं काय सांगितलं?"

"कोणाले, अंकुशदादाले?" वर्षाली गोंधळली. "काहीच नाही व वहिनी. पहिल्या दिवशी ते प्याले होते. मी म्हटलं, दादा, वास येऊन राह्यला, तुम्ही जरा तिकडे बसा. बस. नंतर मलेच वाईट वाटलं, एवढ्या लोकांत बोलली म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

छायाला वाटलं होतं, पोरीनं रडून काही सांगितलं असेल, हात धरला असेल, गळ्याची आण घातली असेल. तसं काही असतं तर भांडता तरी आलं असतं. एका वाक्यात! तिची अकरा वर्षं आणि ह्या पोरीचं एक वाक्य. तिनं टेप गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंकुश शेतावर मोटार बघायला गेला होता. छाया त्याच्या सामानाच्या पेटीत तिच्या मशीनचा स्क्रू आवळायला पेचकस शोधत होती. तांब्याच्या तारेच्या रिळामागे दारूचा एक पव्वा सापडला. भरलेला, सील न फोडलेला. कधीचा तरी लपवलेला आणि विसरलेला. एरवी तिनं तो तिथल्या तिथं नालीत ओतला असता. पण ती तो हातात धरून कितीतरी वेळ बसली. मग उठली आणि खिडकीतल्या फळीवर, त्याच्या दाढीच्या आरशाशेजारी, नेऊन ठेवला. आणि लेकीच्या वहीपुस्तकांच्या निमित्तानं आर्वीला जाणारी बस पकडली.

बसमध्ये बसल्यावर तिला आपण काय केलं ते नीट दिसलं. प्याला तर प्याला, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. मग त्या पोरीचा तोरा तरी उतरेल, पुन्हा तो आपला होईल, वाईट असला तरी आपला. आर्वी येईपर्यंत तो धीर टिकला नाही. वह्या कशाबशा घेतल्या आणि ती परतीच्या बसमध्ये बसली. अख्ख्या वाटेत एकच धावा चालू होता: त्यानं पाहिला नसू दे.

घरी आली तर तिच्या मशीनवर तोच पव्वा उभा होता. रिकामा. अंकुश बाजेवर बसला होता.

ती त्याच्याजवळ गेली, अगदी तोंडाजवळ तोंड नेलं. वास नव्हता.

"मोरीत ओतली," तो म्हणाला. "बाटली धुतली बी. तूच ठेवली ना?"

खोटं बोलायचं तिच्या ओठावर आलं होतं. सासूबाईंचं नाव घेता आलं असतं, धनंजयचं घेता आलं असतं; तो तर अंकुशचा पुलापलीकडचा, पिण्यातला जोडीदारच. पण ती म्हणाली, "हो. मीनंच ठेवली."

"काऊन व?"

"तुमी तिच्यासाठी सोडली म्हणून. मी अकरा वर्षं रडली, उपाशी राह्यली. माह्यासाठी एक दिवस नाई सोडली तुमी. तिनं तिकडे बसा म्हटलं, तं महिनाभर! ती कोण लागते तुमची?"

अंकुशनं रिकामा पव्वा मशीनवरून उचलून खाली ठेवला.

"कोणी नाई लागत. म्हणूनच," तो म्हणाला. "तिच्यापुढं मले लाज वाटली. दहा माणसांत उठून कोपऱ्यात बसलो मी, खंजिरी घेऊन. तुह्यापुढं मले कधी लाज वाटलीच नाई. कोणी विचारलं की तू सांगे, ताप आला त्याईले. गिऱ्हाईक आलं की सांगे, बाहेरगावी गेले. तुह्यापुढं लाजाले काही उरलंच नव्हतं."

हे तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. म्हणजे चूकही तिचीच? ती ओरडणार होती, पण तो आरोप करत नव्हता. हिशोब न मांडता नुसतं खरं सांगत होता, आणि ते खरं होतं म्हणूनच तिला सोसवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळत बसली. कणीक झाली तरी मळतच राहिली.

वर्षालीचा ब्लाउज तिनं नीट शिवला. वाकडा शिवायचं मनात दोनदा आलं, पण शिलाईचं नाव तिचं स्वतःचं होतं.

स्पर्धेला ती सासूबाईंना घेऊन आर्वीला गेली. मांडवात बायकांत बसून तिनं पाहिलं, अंकुशची बोटं खंजिरीवर तशीच नाचत होती जशी लग्नाच्या वर्षी नाचायची. त्याची नजर वर्षालीच्या तोंडावर होती. गाणारी कुठं थांबते, कुठं उचलते, हे बघायलाच वादकाची नजर तिथं असते, हे छायाला ठाऊक होतं. तरी ते तिला खुपलं ते खुपलंच. मंडळाला दुसरा नंबर मिळाला. शकुबाई टाळ्या वाजवत रडल्या. छायानंही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, खाण्यापिण्याच्या करीला, श्रावण सुटला. सकाळीच धनंजय गाडी घेऊन दारात आला. "चाल गा अंकुश, महिना झाला ना आता!"

अंकुश जाऊ की नको करत उंबऱ्याशी उभा राहिला आणि शेवटी गेला. दुपारी परतला तेव्हा डोळे लाल होते. तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

छायाच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिला पुढं कितीतरी दिवस शरम वाटली. तिच्या मनात आलं: तिचंही नाई ऐकलं!

संध्याकाळी वर्षाली आली. मंडळाला शेजारच्या गावाचं बोलावणं होतं.

"दादा आहेत का वहिनी?"

शकुबाई आतून कुजबुजल्या, "अंग दुखते म्हणून सांग."

छाया दारात उभी होती. समोर पंचफुलाबाई अंगण झाडत होती, तिचा खराटा थांबला. छाया म्हणाली, आणि मोठ्यानं म्हणाली, "ते येऊ शकत नाई. दारू पिऊन झोपले आहेत."

आतली बाज करकरली. वर्षालीचा चेहरा पडला. छाया तो बघायलाच थांबली होती जणू. पण त्या पडलेल्या चेहऱ्यात तिला स्वतःचाच अकरा वर्षांपूर्वीचा चेहरा दिसला, पहिल्यांदा त्याला उंबऱ्यात कोसळताना पाहिला त्या रात्रीचा. तिची मजा तिथंच विरून गेली.

"बस जराशी," ती म्हणाली. "चहा ठेवते."

"नको वहिनी. दुसरा कोणी मिळतो का बघते." जाता जाता ती थांबली. "मले वाटलं होतं, सुटली."

"मलेबी," छाया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुशनं आंघोळ केली, लेकीला शाळेत सोडलं आणि परत येऊन छायापुढं उभा राहिला. तिच्या डोळ्यांत बघायला त्याला बराच वेळ लागला.

"काल तू सगळ्या आळीले ऐकवलं."

"ऐकवलं. पुन्हा प्याल तं पुन्हा ऐकवीन."

त्यानं मान हलवली. "आजपासून पुन्हा धरतो. आता श्रावण बी नाई, स्पर्धा बी नाई. जमते का पाहू." मग जरा चाचरत म्हणाला, "पोस्टात जाऊन तिले सांगून येतो. काल तिचा खोळंबा झाला."

छायानं ओले हात पदराला पुसले आणि चपला पायात सरकवल्या. ह्या खेपेला त्याला जमो न जमो, पोस्टात मात्र त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं पक्कं ठरवलं होतं.

"चाला," ती म्हणाली. "मीबी येते."